जासिमची कॉर्व्हेट

थापाच मारायच्या असत्या तर याहून चांगल्या मारल्या असत्या. हे घडलेलं आहे, आणि तेही भर दुपारी. बहारीनमध्ये, मुहर्रकला, १९८४ च्या उन्हाळ्यात.

माझे दत्ताकाका कुडाळचे. मुहर्रकला खदिजाअम्मांच्या घरी ड्रायव्हर होते. अम्मा हृदयाच्या आजाराने अंथरुणाला खिळलेल्या.

मुलगा जासिम. त्याचा सगळा जीव लाल कॉर्व्हेटमध्ये. शहात्तरचं मॉडेल, अमेरिकेहून बोटीने आणलेलं!

काका सापडले की त्याचं पुराण सुरू. पहिली कॉर्व्हेट त्रेपन्न साली निघाली, तेव्हा सगळ्या पांढऱ्याच. बॉडी फायबरची, म्हणून खाऱ्या हवेतही गंजत नाही. आता नवीन आकाराची आली, पण आपण हीच चालवणार.

कसली चालवतोय... त्या जानेवारीत मित्राच्या गाडीत बसून गेला आणि अपघातात जागीच संपला.

डॉक्टरांनी बजावलं, अम्मांना कळलं तर त्या वाचणार नाहीत.

मग त्याच्या बहिणीने, शमाने, मार्ग काढला. जासिमच्या जेवायच्या वेळेला काकांनी अंगणात कॉर्व्हेट चालू करायची, मग बंद करायची. अम्मा औषधाच्या गुंगीत असायच्या. उठल्या की शमा सांगायची, "आला होता. तू झोपली होतीस, बघून गेला."

काकांना ही फसवणूक पटायची नाही. तरी रोज चालू करायचे.

पुढे काकांना टायफॉइड झाला. नेमकी आदल्या दिवशी त्यांनी गाडीची बॅटरी चार्जिंगला दिली होती.

हॉस्पिटलातून सुटले ते थेट शमाकडे. "अम्मांना काय सांगितलंस गं इतके दिवस?"

काका आजारी होते हेच शमाला ठाऊक नव्हतं.

"तू तर रोज येत होतास. गाडी रोज चालू होत होती..."

काका अंगणात धावले. या गाडीची बॅटरी सीटच्या मागे असते. त्यांनी झाकण उचललं...

जागा रिकामी.

काचेवर धुळीचा थर, जसाच्या तसा.

आणि तेवढ्यात...

इंजिन सुरू झालं.

गाडी जरासुद्धा थरथरत नव्हती. आवाज मात्र छातीत घुमत होता. मग एकदा जोरात रेस... आणि बंद.

काकांच्या अगदी जवळून चपला वाजत गेल्या. अम्मांच्या खोलीकडे.

अंगणात कोणीच नव्हतं.

"माका वाटला, मी हयसरच मरतलंय," काका सांगतात.

आतून अम्मांची हाक आली. काका कसेबसे आत गेले, मागोमाग शमा. अम्मा टक्क जाग्या होत्या. काकांशी नेहमी बोलायच्या तशा हिंदीत म्हणाल्या,

"दत्ता, पहले तू चलाता था. मालूम था मुझे. मेरा जासिम बंद करने से पहले एक बार जोर से दबाता है. तू नहीं दबाता था."

शमा ढसाढसा रडायला लागली. अम्मांनी तिचा हात धरला.

"तुम दोनों को बुरा लगता... इसलिए मैं सो जाती थी."

मग काकांकडे वळून म्हणाल्या, "अब बॅटरी मत लगाना. खलास. वो खुद आता है."

बॅटरीचं त्यांना कोणी सांगितलं होतं? शमाला तर ठाऊकच नव्हतं.

काकांनी बॅटरी लावली नाही. हिवाळ्यात एका दुपारी अम्मा झोपेतच गेल्या. त्या दुपारीही इंजिनचा आवाज आला... फक्त या वेळी तो बंद झाला नाही. रस्त्याने लांब लांब जात राहिला. काकांनी आणि शमाने, दोघांनी ऐकला.

गाडी अंगणातच होती.

काका आता गावी असतात. अम्मांचं नाव काढलं की डोळे पुसतात. "सहा महिने तिनाच आमका सांभाळून घेतल्यान रे," म्हणतात.

गाडीबद्दल विचारलं की मात्र उठून आत जातात.