थांबायची अट

दिग्रसच्या कॉलेजात कॉम्प्युटर बारा, चालू सात आणि पोरं चाळीस. एकेका कॉम्प्युटरपुढे दाटीवाटीने बसायची वेळ. त्यात अंजू राठोडच्या शेजारी कोण येऊन टेकावं? तर धम्मरत्न! केसांत जिनिंगमधला कापूस तसाच. वडील तिथे कामाला. रोज त्यांचा डबा पोचवून स्वारी थेट लॅबमध्ये.

"डोक्यात कापूस हाये तुह्या," ती म्हणाली.

"राहू दे. तुह्या डोक्यात काय हाये ते सांग."

"काहीच नाही... हे प्रोग्रामिंग मले समजतच नाही."

खरंच समजत नव्हतं. आणि तिच्या बापाने, रामधनने, तांड्यावरून निघतानाच बजावलं होतं— यंदा विषय राहिला तर कॉलेज बंद. मग अंजूने बारावीपर्यंत जे केलं तेच केलं. धम्मरत्नची वही मागून नेली आणि एकेक प्रोग्राम घोकून टाकला, कंस-अर्धविरामांसकट.

"पाठ कायले करून राह्यली? कविता हाये का ते?" तो हसला. "हे पाय, एकच काम दहा वेळा करायचं, तर लिहायचं एकदाच. अन् कुठं थांबायचं ते सांगायचं. थांबायची अट नाही टाकली, तर हे येडं थांबतच नाही."

"थांबतच नाही?"

"कोणी बंद करेपर्यंत..." तो तिच्याकडेच पाहत राहिला. अंजूने नजर की-बोर्डवर वळवली, पण कान तापायचे ते तापलेच.

प्रॅक्टिकलला अंजू पहिल्या बॅचमध्ये. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सांगितलं— स्वतःचं नाव दहा वेळा छापा. हे तर तोंडपाठ! तिने धडाधड टाइप केलं, बटण दाबलं. पडद्यावर एकाखाली एक नाव उमटलं. दहाही वेळा— धम्मरत्न.

वहीत त्याचंच नाव होतं, तेही तिने इमानदारीने पाठ केलं होतं! लॅबभर खसखस पिकली. अंजूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे तुमचं नाव?" परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "घोकलंत ना? आता तुमचं नाव आणा, फक्त पाच वेळा. जमलं तर पास."

डोळ्यांपुढे बाप उभा... आणि कानात धम्मरत्नचा आवाज— कुठं थांबायचं ते सांगायचं. तिने त्याचं नाव खोडलं. खोडताना जिवावरच आलं. आपलं लिहिलं, दहाचे पाच केले. अंजू, अंजू... पाच. बरोबर पाच! परीक्षकांनी हसून सही केली.

ही गंमत दुसरी बॅच आत जाईपर्यंत कॉलेजभर झाली. त्याच बॅचमध्ये धम्मरत्न होता, आणि तो बाहेर आला सगळ्यांत शेवटी. अंजू त्याची वही छातीशी धरून गेटजवळ थांबली होती.

"एवढा वेळ? तुले तर सगळं येते."

"दोन मार्क कापले."

"तुहे? काहून?"

"मीबी नाव छापलं. ते थांबूनच नाही राह्यलं. शेवटी सरांनी कॉम्प्युटरच बंद केला."

"अट नाही टाकली?"

"टाकावीशीच नाही वाटली."

"नाव... कोणाचं होतं?" तिचा आवाज तिलाच ऐकू येईना.

धम्मरत्नने चप्पल मातीत घासली. "सकाळी पाचच वेळा आलं होतं ना... मले कमी वाटलं."

अंजूने हात वर करून त्याच्या केसांतला कापूस अलगद काढला. वही परत द्यायची मात्र राहूनच गेली.