निळे ओठ आणि नखाएवढी चिप

प्राणवायूचा मास्क लावून बराच वेळ झाला, तरी शलाकाच्या बाबांचे ओठ निळेच होते. नखंही निळसर. बंदरावरच्या छोट्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर सोनवणे कोड्यात पडल्या. छाती स्वच्छ, श्वास चालू. मग रक्त प्राणवायू का घेत नाही?

“सकाळी काय केलं बाबांनी?”

“वाहून आलेलं पिंप उघडलं. जाळं तरंगतं राहावं म्हणून त्याला बांधायचं होतं. आतलं काहीतरी अंगावर सांडलं,” शलाका म्हणाली. बाबांचा शर्ट तिने पिशवीत बांधून आणला होता.

डॉक्टरांनी लांबूनच वास घेतला. “रंगात घालायच्या थिनरसारखा. पण थिनरने माणूस असा निळा पडत नाही!”

शलाका धावत गेली आणि शेजारच्या मुकादमआजींना घेऊन आली. आजींनी आयुष्यभर प्रयोगशाळेत काम केलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी खिशात मावेल असं एक यंत्र घरीच बनवलं होतं. त्याची नळी त्यांनी पिशवीत सोडली. यंत्राने चिमूटभर हवा ओढली.

“एवढ्याशा यंत्राला कळेल, आजी?”

“उग्र वास मंद वासाला झाकून टाकतो, बाळा. म्हणून आधी पृथक्करण (मिसळलेले पदार्थ सुटे करणं). आतल्या नखाएवढ्या चिपवर केसासारखी बारीक, नागमोडी वाट कोरली आहे. वाटेला आतून लेप दिलाय. आता सांग, आपण दोघी जत्रेत एकदम शिरलो. तू कुठे थांबत नाहीस, मी प्रत्येक बांगडीवाल्यापाशी रेंगाळते. पलीकडे आधी कोण पोचेल?”

“मी!”

“तसंच रेणूंचं (पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांचं). लेपात कमी रेंगाळणारे आधी बाहेर, जास्त रेंगाळणारे मागाहून. टोकाला संवेदक (कोण आलं ते टिपणारा भाग) बसलाय. किती वेळ लागला, यावरून ओळख पटते.”

पडद्यावर एक उंच टेकडी उमटली. “हे थिनर,” आजी म्हणाल्या. पुढे रेघ सपाट. शलाकाचा चेहरा पडला.

“थांब. रेंगाळणारे अजून यायचेत.”

आणि रेघ पुन्हा उचलली गेली. छोटासाच उंचवटा.

“ॲनिलिन!” आजी ओरडल्या. “रंगाच्या कारखान्यांत वापरतात. कातडीतून शिरतं आणि हिमोग्लोबिन (रक्तातला प्राणवायू वाहणारा पदार्थ) बिघडवतं.”

डॉक्टरांनी लगेच जिल्हा रुग्णालयाला कळवलं आणि बाबांचं अंग साबणाने नीट धुऊन घेतलं. तोवर जिल्हा रुग्णालयाचा ड्रोन औषध घेऊन उतरला. मिथिलिन ब्लू! शाईसारखं गर्द निळं.

“निळ्या माणसाला निळं औषध?” शलाका चकित झाली.

“हेच बिघडलेलं हिमोग्लोबिन ताळ्यावर आणतं,” डॉक्टर म्हणाल्या.

हळूहळू बाबांच्या ओठांवर लाली परतली. मास्क बाजूला करून ते पुटपुटले, “जरा चहा मिळंल?” तेव्हा कुठे शलाकाला रडू फुटलं.

आठवड्याने बाबा ताजी सुरमई घेऊन आजींच्या दारात उभे राहिले. त्यांनी नुसते हात जोडले.

“अरे, मी एकटीने नाही केलं,” आजी म्हणाल्या. “ही वाट कोरायची युक्ती कुणी शोधली, लेप कुणी, संवेदक कुणी. त्यातल्या कित्येकांना मी पाहिलंसुद्धा नाही. रोज मनात त्यांचे आभार मानते.” मग शलाकाकडे वळून म्हणाल्या, “आता बोटीवर नेता येईल, समुद्राचं पाणी तपासेल अशी चिप करायचीय. माझी नजर कमी झालीय. बसशील मदतीला?”

शलाकाने हात स्वच्छ धुतले आणि आजींच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.