तिसऱ्या रांगेतला ठेका

प्रभाकर रेडीज नाटकाला जात नसत, नाटकांवर स्वारी करत. चिपळूणहून पुण्याला यायचं आणि तीन दिवसांत तीन प्रयोग बघायचे, हा बेत त्यांनी लग्नकार्यासारखा आखला होता. शुक्रवारी फार्स, कारण प्रवासानंतर डोकं चालत नाही. शनिवारी गंभीर नाटक, कारण तोवर पाय दुखायचे थांबतात. आणि रविवारी दुपारी, पोट हलकं ठेवून, संगीत नाटक. कुठल्या वेळी कुठे खायचं आणि कोथरूडच्या मेहुणीकडे जाणं कसं टाळायचं, तेही त्यात बसवलेलं होतं.

नलिनीबाईंना काही ठरवायचं नव्हतं, फक्त यायचं होतं. त्या आल्या, पण जरा धास्तावूनच.

दोन वर्षांपूर्वी त्यांना पेसमेकर बसला. हृदय स्वतःहून ठोके देण्यात चुकारपणा करू लागलं म्हणून गळ्याजवळच्या हाडाखाली एक लहानसं यंत्र आलं आणि त्याने कारभार हातात घेतला. यंत्र हुशार होतं. बाई चालू लागल्या की ठोके वाढवी, बसल्या की उतरवी. चालणं त्याला कळे, जिना कळे. गाणं मात्र कळत नसे. पूर्वी तिसरी घंटा झाली की नलिनीबाईंच्या छातीत धडधडायचं, नायिकेने तान घेतली की जीव वर यायचा. आता पडदा वर जायचा, तान यायची आणि आत सगळं शिस्तीत चालू राहायचं. लग्नघरी जाऊन मांडवाबाहेरच उभं राहिल्यासारखं वाटतं, असं त्या एकदा नवऱ्याला म्हणाल्या होत्या. प्रभाकरराव लगेच बेत आखायला बसले.

त्या बेताचं मर्म रविवारच्या नाट्यगृहात होतं. ते ‘सहस्पंद’ होतं. प्रत्येक खुर्चीची पाठ बसणाऱ्याच्या हृदयाचे ठोके टिपत असे. सगळ्यांच्या ठोक्यांतून एक सामाईक ठोका निघे, आणि तोच खुर्चीखालून हलक्या थापेसारखा प्रत्येकाला परत मिळे. एका फळीवर टांगलेल्या लंबकाच्या घड्याळांचे झोके हळूहळू जुळतात, तशी माणसांची हृदयं इथे जुळत. विंगेतल्या तबलजीच्या बैठकीखालीही तीच थाप असे. एकदा ताल जुळला की सबंध थिएटर एकाच छातीने नाटक बघे. लोक धापा टाकत बाहेर पडत आणि प्रयोग काय रंगला म्हणून सांगत सुटत.

एवढ्या हृदयांच्या संगतीत बायकोचंही रंगेल, असा प्रभाकररावांचा हिशेब होता. पेसमेकरवाल्यांनी मागच्या साध्या खुर्च्यांवर बसावं, त्यांच्यामुळे ताल बिघडतो, अशी पाटी तिकीटखिडकीवर होती. प्रभाकररावांनी ती वाचली, नीट समजून घेतली आणि मग चष्मा काढून खिशात ठेवला. तिकिटं तिसऱ्या रांगेतली मिळाली.

पडदा उघडला. ‘संगीत वेणुमती’ नवं होतं, पण घाट जुना. नांदी सुरू झाली आणि नलिनीबाईंना खुर्चीखालची थाप जाणवली, मांडीवर झोपलेल्या मुलाच्या श्वासाइतकी हलकी. ती त्यांच्या ठोक्यांच्या पुढे पळत होती. आरतीत सगळ्यांची टाळी पडून गेल्यावर आपली एकटीची पडावी तसं होऊ लागलं. आजूबाजूचे चेहरे एकदम उजळत, एकदम ताणले जात. त्या पदर आवळून बसल्या. इथेही मांडवाबाहेरच, असं त्यांनी मनाशी म्हटलंसुद्धा.

मग पहिल्या अंकाच्या मध्यावर कधीतरी खालची थाप रेंगाळू लागली. थाप आणि त्यांचा ठोका यांतलं अंतर घटत गेलं आणि एका क्षणी थाप आणि छाती एकच झाली. नलिनीबाईंचे डोळे वाहू लागले. दोन वर्षांनी आपण आत आलो होतो. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो तोंड उघडं टाकून रंगमंचाकडे बघत होता, आणि एरवी अंक कधी संपतो याची चौकशी करणारा त्याचा हात घड्याळाकडे गेला नव्हता.

मध्यंतर झालं. सगळे वड्यांकडे धावले नाहीत, चालत गेले. हे नवलच होतं.

तेवढ्यात एक तरुण मुलगी तिसऱ्या रांगेत आली. ती गौतमी कांबळे, नाट्यगृहाचा ताल सांभाळणारी. कुठल्या खुर्चीचं काय चाललंय ते तिला आतल्या संगणकाच्या पडद्यावर दिसत असे. तिने वाकून नलिनीबाईंना हळूच विचारलं, की पेसमेकर आहे का.

प्रभाकरराव उभे राहिले. तिकिटं आपण काढली, नियम आपण मोडला, बायकोला यातलं काही माहीत नव्हतं, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. वर पाटीवरची अक्षरं बारीक आहेत अशी तक्रारही जोडली.

“काका, बसा. मी उठवायला आले नाही,” गौतमी म्हणाली. “काकू, इथे सगळे एकमेकांकडे थोडे थोडे सरकतात. तुमचं यंत्र सरकतच नाही. मग बाकीचेच सरकत राहिले.”

“म्हणजे मी कुठे गेलेच नाही?”

“नाही काकू. सगळं थिएटर तुमच्याकडे आलं.”

मघाचं रडू मग कशाचं, ते नलिनीबाईंना कळेना. त्यांनी मागे वळून पाहिलं. भरलेल्या बाल्कनीपर्यंत माणसंच माणसं. मुलींच्या वेण्या घालणारी आई, वड्याचा कागद चुरगळणारे आजोबा, हसणारी पोरं. आपल्या हाडाखालच्या सुपारीएवढ्या यंत्राच्या बोलण्यावर एवढी हृदयं चालली होती, आणि त्यातल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं.

गौतमीने पुढचं सांगितलं. नियमाप्रमाणे त्यांना मागे बसवायला हवं होतं. पण ताल तिसऱ्या रांगेतून सावरतोय हे कळल्यावर वेणुमती करणाऱ्या मंजिरी आठल्ये यांनी रंगपटातून निरोप पाठवला होता. या खुर्च्या आल्यापासून लय हाताशी राहत नव्हती. प्रेक्षकांना भरून आलं की ठोके वाढत, तेच खालून परत येत, आणखी वाढत, आणि तबलजी नाइलाजाने मागे धावे. दुसऱ्या अंकातलं विलंबित पद गुरूंनी शिकवलं तसं त्यांना इथे एकदाही गाता आलं नव्हतं. आज येईल असं वाटत होतं. तिसऱ्या रांगेतल्या बाई तिथेच बसतील का?

प्रभाकररावांच्या बेतात याची सोय नव्हती. त्यांनी पहिल्यांदाच बायकोकडे विचारायच्या नजरेने पाहिलं. नलिनीबाईंनी पदर सारखा केला आणि खुर्चीला पाठ टेकली.

ते पद कसं झालं हे सांगणं अवघड आहे. मंजिरीबाईंनी षड्ज लावला आणि घाई केली नाही. पहिली ओळ एखाद्या रुंद नदीसारखी आली, तिला दुसरा काठच दिसेना. कोणी खोकलं नाही. दोन सुरांमध्ये त्या थांबल्या, तेव्हा सगळा अंधार त्यांच्याबरोबर थांबला आणि त्या पोकळीत खुर्च्यांखाली एकच ठोका पडला, मग दुसरा. समेवर सगळ्या माना एकदम हलल्या. ‘वन्समोअर’ आला तोही आरोळी होऊन नाही. कुणीतरी हळू म्हणालं आणि शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी तितक्याच हळू म्हटलं. मंजिरीबाईंनी तिसऱ्या रांगेकडे पाहून नमस्कार केला आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आल्या.

नाटक सुटलं तेव्हा बाहेर ऊन उतरलं होतं. नलिनीबाई पायऱ्या उतरू लागल्या. यंत्राने ठोके थोडे वाढवले. पुढच्या माणसांच्या चपला त्यांच्याबरोबरच वाजत होत्या. त्यांना गंमत वाटली. मग त्या मुद्दाम थांबल्या.

काही क्षणांत आजूबाजूची माणसंही रेंगाळली. कोणी फोन काढला, कोणी स्कूटरची किल्ली शोधू लागलं, कोणाला ओळखीचं भेटलं. प्रत्येकाकडे आपापलं कारण होतं. खुर्च्या मागे, बंद दाराआड होत्या. नलिनीबाईंनी आधाराला म्हणून नवऱ्याचं मनगट धरलं आणि दुसरा हात स्वतःच्या गळ्याशी नेला. उजवीकडे आणि डावीकडे एकच नाडी चालली होती.

“दमलीस का गं?” प्रभाकररावांनी विचारलं.

“नाही. पुढच्या महिन्यात माझी तपासणी आहे ना. ते यंत्र क्षणभर बंद करून बघतात, खाली माझं स्वतःचं काही उरलंय का. डोळ्यांपुढे अंधारी येते, मग चालू करतात.”

“मी असतोच की बरोबर.”

“तुम्ही असाल हो,” पायऱ्यांवर उगाच थांबलेल्या त्या सगळ्या माणसांकडे बघत त्या म्हणाल्या. “पण ही सगळी तेव्हा कुठे असतील? कोणी स्कूटरवर, कोणी जिन्यात?”