चौकटीतला भागीदार

हे खरं घडलंय. खोटं असतं, तर मी स्वतःला जरा शूर दाखवलं असतं.

वेळ भर दुपारची. जागा, माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ.

स्टुडिओ मामाचा आणि त्याच्या भागीदाराचा. भागीदाराला सगळे 'फोकस' म्हणायचे. गिऱ्हाईक यायचं ते फोकससाठी. त्याच्यापुढे रडकं पोरही हसायचं. मामापुढे हसरंही रडायचं.

फोकस अचानक हार्ट अटॅकने गेला. महिनाही झाला नव्हता, तोच मामाने नवा टॅबलेट घेतला.

"जुना काय वाईट होता?"

"मठ्ठ होता. हा बघ. तुझ्यापेक्षा हुशार!"

त्याने उद्घाटनाचा फोटो उघडला. दोघे खांद्याला खांदा लावून उभे. मामाने फोकसवरून बोट फिरवलं...

फोकस गायब. मागची भिंत जशीच्या तशी.

"अरे मामा, त्याची बायको बघेल ना!"

"बघू दे. हाच दारावर लावणार. यापुढे स्टुडिओ म्हटलं की लोकांना एकच चेहरा आठवला पाहिजे. माझा."

मग दुसरी करामत. समोर किती चेहरे आहेत, ते हा टॅबलेट बोलून सांगतो. मामा टॅबलेट स्टँडवर लावून, भांग नीट करून एकटाच समोर उभा राहिला.

टॅबलेट म्हणाला...

"दोन चेहरे."

मामाच्या मागे पडदा होता. नुसता पडदा.

"हाही मठ्ठच निघाला की," मी म्हणालो. भीती वाटली की माझं तोंड स्वतंत्र कारभार करतं.

मामाने मला शेजारी ओढलं. "आता मोजू दे."

"दोन चेहरे."

"बघ! आलं ना ताळ्यावर!" मामा खूश.

मी स्क्रीनकडे पाहिलं. एक पिवळा चौकोन माझ्या चेहऱ्याभोवती.

दुसरा...

पडद्यावर. मामाच्या कानाला लागून.

मामाभोवती काहीच नव्हतं.

मामाने घाईघाईने उद्घाटनाचा फोटो उघडला. फोकस परत आला होता. हसत.

मामाच्या जागी भिंत. जशीच्या तशी.

पुढचे फोटो उघडले. लग्नाच्या फोटोत मामी एकटीच लाजत होती.

"परत आण! अरे, मला परत आण!" मामा काचेवर बोट आपटत होता. टॅबलेटला त्याचं बोट कळेना. माझं लगेच कळत होतं. पण मी कितीही दाबलं, तरी मामा येईना.

मामा अजून आहे. जेवतो, भांडतो, घोरतो. समोर गेलं की दिसतो...

अजून तरी.

काल त्याने टॅबलेटला तोंडी सांगून स्टुडिओतून मला व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर रिकामी खुर्ची.

"दिसतोय का रे मी?"

मी 'हो' म्हणालो. काय सांगणार?

समोरच्या माणसाला शोधून, जवळ घेऊन कायम मधोमध ठेवायचं, हीसुद्धा त्या टॅबलेटची एक हुशारी.

चौकट हळूहळू खुर्चीवरून सरकली...

पडद्यापाशी थांबली...

आणि पडदा मोठा मोठा होऊ लागला.