मंगळवेढ्याची सातवी फेरी

संघप्रिया बनसोडेनं ठरवलेला टेम्पो त्या दिवशी आलाच नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकाशी ती यंत्राची पेटी घेऊन तासभर उभी होती. ऊन मी म्हणत होतं. तेवढ्यात टॉवेलचे गठ्ठे भरलेला दुसराच टेम्पो थांबला आणि प्रभुलिंग डोकावला.

"मॅडम, वजनकाटा घेऊन कुटं निघालात?"

"वजनकाटा नाही हो! गाडीचा धूर मोजतं हे. डिझेलची गाडी प्रयोगशाळेत पास होते... रस्त्यावर खरी किती ओकते ते बघायचंय."

"आमची गाडी लई गुणाची हाय की. बसा, बघा!"

यंत्राची नळी सायलेन्सरला बसली आणि संघप्रिया प्रभुलिंगच्या शेजारी. सोलापूर ते मंगळवेढा, सहा दिवसांत सहा फेऱ्या. भाकरी, शेंगाचटणी, गाणी... आणि गिअर बदलताना हाताला लागणारा हात. तो मुद्दाम लागतो हे तिला तिसऱ्या दिवशी कळलं, तरी तिनं आपला हात काढला नाही. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

पाचव्या दिवशी त्यानं विचारलंच, "माझ्याशी लग्न... करशील?"

"मी बनसोडे, तुम्ही लिंगायत. घरी सांगशील?"

"तोंडावर सांगतो! मी काय कुणाच्या बापाला भितो व्हय?"

ती खुळ्यासारखी हसत राहिली. सहाव्या दिवशीही आकडे मात्र खुपत होते. रस्त्यावरचा धूर प्रयोगशाळेएवढाच? असं कुठं असतं?

"प्रभू, रोज इतकी हळू चालवतोस?"

तो लाजला. "तू शेजारी असताना जोरात कशी हाणू गं?"

झालं! सहा दिवसांचं काम पाण्यात. सातव्या दिवशी तिनं यंत्र एकटंच पाठवलं, "आज रोजच्यासारखी हाण" म्हणाली. पण तिला धीर निघेना. मागून एसटीनं ती मंगळवेढ्याला पोचली.

टेम्पो प्रभुलिंगच्या घरच्या टॉवेलच्या दुकानापुढंच होता. यंत्रावर आकडा चौपट! ती खुशीत वळली. पायरीवर त्याचे वडील सिद्धलिंगप्पा चारचौघांत चहा पीत बसले होते.

"यारप्पा इकी?" ही कोण, असं त्यांनी मुलाला कन्नडमध्ये विचारलं.

प्रभुलिंगनं तिच्याकडं पाहिलंही नाही. "मशीनवाल्या मॅडम... कामावरच्या."

"बस की बाळ. आडनाव काय तुझं?"

"बनसोडे."

"बरं, बरं." म्हातारा गोडच हसला. "प्रभू, मॅडमला चहा दे."

सगळ्यांच्या हातात स्टीलचे पेले होते. ताटात आणखी दोन पालथे होते. प्रभुलिंग आत गेला, बराच वेळ शोधाशोध करून तिच्यासाठी कागदी कप घेऊन आला. त्याला तसं कुणी सांगितलंही नव्हतं.

चहा तसाच ठेवून ती यंत्र सोडवू लागली. तो मागोमाग आला.

"संघू... चारचौघांत कसं बोलणार? हळूहळू सांगतो की."

"गाडीत तू लई चांगला आहेस, प्रभू. पण संसार काय गाडीत करायचाय?"

घट्ट बसलेले नटही तिनं स्वतःच सोडवले.

सोलापूरची एसटी लागलेलीच होती. खिडकीशी बसून ती ओक्साबोक्शी रडली. शेजारच्या म्हातारीनं पाठीवर हात ठेवला.

"कुणी गेलं का गं, लेकी?"

"नाही, मावशी. धडधाकट आहे. दुकानात चहा वाटतोय."