टॅन्सीनं दाखवलेलं बीळ

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी आत्या. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की ती उठून भांडी घासायला निघून जायची. अशी बाई.

तिनं हे मला एकदाच सांगितलं. पुन्हा कधी विचारू दिलं नाही.

तारीख पक्की आहे. २३ जानेवारी १९७९, मंगळवार. जागा, विलायतेतल्या स्वेलडेल खोऱ्यातलं आमचं वरचं कुरण.

आणि वेळ...

दुपारचे दोन. रात्र नाही, अमावस्या नाही. लख्ख उजेड होता.

मला भीती वाटते ती त्याचीच.

हिल्डाआत्या आणि तिचे यजमान विल्फकाका मेंढ्या पाळायचे. काकांचा खुबा कामातून गेलेला, काठीशिवाय चालवत नव्हतं. त्यामुळे ससे आणायचं काम आत्याकडे होतं. शिकार म्हणजे काही मोठी नाही. बंदूक नाही, गाजावाजा नाही. कुत्री बरोबर घ्यायची, कुरणाला एक फेरी मारायची. ससा मिळाला तर रस्सा, नाही मिळाला तर पाय मोकळे झाले.

कुत्रीवरून मात्र दोघांचं चांगलंच वाजलं होतं.

आमच्याकडे ससे धरायला लर्चर पाळतात. लर्चर म्हणजे अस्सल जातीचं कुत्रं नव्हे, मिसळण. ग्रेहाउंडचे पाय आणि दुसऱ्या कुठल्यातरी कामकरी कुत्र्याचं डोकं. किती पाय आणि किती डोकं, यावर आमच्याकडची माणसं तासन् तास भांडतात.

"मला पाय हवेत," काका म्हणाले होते. "ससा काय तुझ्याशी गप्पा मारायला थांबणारे?"

"आणि तारेत घुसून मान मोडली म्हणजे? त्या पायांचं काय लोणचं घालू?" आत्या म्हणाली. "मला निम्मी कॉली हवी. मेंढ्या राखणाऱ्याचं रक्त असलं म्हणजे आधी विचार करते, मग धावते."

पिल्लं ज्याच्याकडे होती त्या म्हाताऱ्यानं पाच पिल्लं गवतावर सोडली. चार धावत येऊन आत्याच्या बुटांवर चढली. पाचवं आलंच नाही. ते कोपऱ्यातल्या दगडांच्या फटीत नाक घालून स्तब्ध उभं होतं. पुढचा एक पाय वर उचललेला.

"ती तसलीच आहे," म्हातारा म्हणाला. "माणसांत मन नाही तिचं. दुसरं न्या बाई."

"फटीत काय आहे?" आत्यानं विचारलं.

म्हाताऱ्यानं दगड सरकवला. आत उंदीर होता.

आत्यानं तीच उचलली. नाव ठेवलं टॅन्सी.

टॅन्सी चोरटी निघाली. काकांच्या तव्यातलं बेकन पळवायची, लोणी चाटायची, आणि वर त्यांच्याच खुर्चीत जाऊन झोपायची. काका दिवसभर तिला शिव्या द्यायचे आणि रात्री तिच्या अंगावर स्वतःचा स्वेटर घालायचे. अनोळखी माणसाला ती अंगाला हात लावू द्यायची नाही. भुंकायची तर कधीच नाही. तीन वर्षांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

एक गुण मात्र पक्का होता. टॅन्सी बिळाशी पाय उचलून उभी राहिली, म्हणजे आत काहीतरी आहेच. रिकामं बीळ तिनं कधी दाखवलं नाही.

एकदाही नाही.

त्या मंगळवारी बर्फ पडून गोठला होता. वारा अजिबात नव्हता. आत्या आणि टॅन्सी वरच्या गडग्याला लागून चालत होत्या. आमचे गडगे म्हणजे नुसते दगडावर दगड, चुना नाही की माती नाही. दोन्ही अंगांना मोठे दगड आणि मधल्या पोटात बारीक खडे ठासून भरलेले. पाणी जायला तळाशी मधूनमधून भोक ठेवतात. त्यातून ससे आत शिरतात आणि गडग्याच्या पोटातच घर करतात.

अशाच एका भोकाशी टॅन्सी थांबली.

पाय उचलला.

"शाब्बास गं बाई," आत्या म्हणाली.

तिनं कोट काढून गडग्यावर टाकला. बाही वर केली. बर्फात पालथी पडून उजवा हात भोकात घातला. बीळ आत जाऊन डावीकडे वळत होतं, गडग्याच्या पोटातून. तिनं कोपर वाकवलं. हात आणखी आत सारला. थेट खांद्यापर्यंत.

तेवढ्यात वरचा एक दगड खचला.

हाड मोडलं नाही. फारसं दुखलंही नाही. पण कोपराच्या वर दंड पक्का अडकला. ना पुढे, ना मागे.

आत्या घाबरली नाही. मेंढ्यांची अडलेली बाळंतपणं करणारी बाई ती. जरा थांबली, श्वास सोडला, हात सैल केला. पुन्हा ओढला.

नाही.

डाव्या हातानं दगड हलवून पाहिला. गोठून बसला होता. कोट डोक्यावर चार हात उंचीवर पडला होता, आणि ती जमिनीवर पालथी.

"टॅन्सी, घरी जा," ती म्हणाली. "जा! काकांकडे जा!"

टॅन्सी गेली नाही.

आत्यानं हाका मारल्या. पलीकडच्या उतारावर एक मेंढी खोकली. तेवढंच.

अर्धा तास गेला असेल.

मग आवाज आला...

खट्.

डावीकडून. लांबून.

खट्... खट्...

ससा असेल, तिला वाटलं. पण सशाला नखं असतात, तो खरवडतो. हे खरवडणं नव्हतं. कुणीतरी एक खडा उचलावा... बाजूला ठेवावा... मग दुसरा उचलावा...

सावकाश. शिस्तीत.

"कोण आहे?" आत्या ओरडली. "पलीकडे कोण आहे का? अडकलेय मी इथं!"

आवाज थांबला.

तिनं कान दिला.

खट्.

आता जवळून.

तिला हायसं वाटलं. कुणीतरी आलंय, पलीकडून दगड काढतंय. "अहो, जरा जपून! वरचे दगड ढासळतील!"

तिनं टॅन्सीकडे पाहिलं. पलीकडे माणूस असता तर टॅन्सीची नजर गडग्याच्या वर गेली असती.

टॅन्सी वर बघत नव्हती.

ती गडग्याकडेच बघत होती. आणि तिची मान हळूहळू फिरत होती... डावीकडून... आत्याच्या दिशेनं. आतून काहीतरी सरकत येत होतं, आणि ती नाकानं त्याचा माग काढत होती.

खट्.

आता हातभर अंतरावर.

आत्यानं सगळा जीव एकवटून हात ओढला. दंडाची कातडी सोलली. हात तसूभर हलला नाही.

आवाज थांबला.

सगळंच थांबलं. टॅन्सीचा श्वाससुद्धा ऐकू येईना.

आणि टॅन्सीची शेपटी हलली... एकदा... दोनदा.

घरचं माणूस दारात आलं की हलायची, तशी.

मग गडग्याच्या आत, आत्याच्या उघड्या तळव्यावर, बोटं टेकली.

ती मला म्हणाली, "अरे, मला शंका असती ना, तर मी सांगितलं नसतं. बोटं होती. चार आणि एक अंगठा. आंधळं माणूस चाचपतं तशी माझी बोटं एकेक करून चाचपली. मग हातात हात घेतला."

ती किंचाळली. हात हिसडला.

त्यानं घट्ट धरला.

तिनं आणखी जोर लावला. त्यानंही. दातओठ खाऊन ओढणं नव्हे, फक्त तिच्याइतकंच. ती थांबली की ते थांबायचं. तिनं बोट हलवलं तरी पकड आवळायची.

"सोड," ती म्हणाली. "सोड मला. काय हवंय तुला?"

पकड तशीच.

तीन वाजले असतील. ऊन उतरणीला लागलं. आधी पायांची बोटं बधिर झाली, मग गुडघे. टॅन्सी येऊन तिच्या पाठीवर पसरली. लर्चरच्या अंगावर केस ते कितीसे! ती थरथर कापत होती, तरी उठली नाही. आत्यानं तिला पुन्हा घरी पाठवायचा प्रयत्न केला. शिव्या घातल्या, डाव्या हातानं ढकललं, बर्फ फेकला. टॅन्सी पडायची आणि परत येऊन पसरायची.

"मी मेले तर ही पण माझ्याबरोबर मरणार, एवढंच डोक्यात होतं," आत्या म्हणाली. "आणि आत तो हात. मला वाटायला लागलं, हा मला ओढत नाहीये. हाही अडकलाय. आणि आता कुणीतरी मिळालंय, तर सोडायचं नाही, एवढंच त्याला कळतंय."

मग तिचा आवाज बसला. ओठ हलायचे, पण हाक निघेना.

खाली घरात चारला चहा ठेवून विल्फकाका चिडून बसले होते. सव्वाचार झाले तेव्हा राग गेला. काठी आणि कंदील घेऊन ते चढाला लागले. त्या खुब्यानं तो चढ कसा चढले, देव जाणे. वर धुकं उतरलं होतं. चार पावलांपलीकडचं दिसेना.

"हिल्डाऽऽ!"

आत्याला हाक ऐकू आली. तिनं तोंड उघडलं. नुसती वाफ निघाली.

हाक लांब गेली. काका चुकीच्या दिशेला वळले होते.

तेव्हा टॅन्सी भुंकली.

तीन वर्षांत पहिल्यांदा. तुटका, घोगरा, बेसूर आवाज. पण थांबेना.

काका त्या आवाजावर आले. बायको अशी पडलेली पाहून आधी स्वतःचा कोट तिच्यावर घातला.

"काय गं बाई, सशांकडे मुक्काम करायचा होता तर सांगून तरी यायचं," ते म्हणाले.

तिनं डाव्या हातानं त्यांचा पाय धरला. कुजबुजली, "पलीकडे कुणी आहे का बघ."

काकांनी कंदील वर धरला. "कोण असणार? बर्फावर साधं पाऊलसुद्धा नाही."

मधला दगड काढला असता तर सगळा गडगा तिच्या हातावर कोसळला असता. म्हणून काका वरून सुरुवात करून एकेक दगड उतरवत गेले. खुबा ओरडत होता, ते नाही. तासभर लागला. शेवटी तो खचलेला दगड मोकळा झाला.

"आता ओढतो," ते म्हणाले. "दुखेल."

त्यांनी तिच्या खांद्याला धरून ओढलं. हात निघाला.

काकांनी कंदील आत धरला. बिळाच्या टोकाशी, जिथं तिचा पंजा होता, तिथं मुठीएवढी पोकळी. त्या पोकळीच्या सभोवती खडे ठासून भरलेले. डावीकडे, उजवीकडे, मागे. बोट शिरायला फट नव्हती.

ससा नव्हता. बीळही पुढे गेलेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट. आत्याचा डावा हात निळा पडला होता. दोन बोटांची टोकं पुढे डॉक्टरांना कापावी लागली. उजवा दंडही काळानिळा होता.

पण उजवा हात, मनगटापासून पुढे...

गरम होता. चुलीजवळ शेकल्यासारखा.

डॉक्टरांनी दोनदा तपासला.

त्या हाताबद्दल आत्या विल्फकाकांना कधीच काही बोलली नाही. "त्याला कशाला घोर लावू?" म्हणायची. टॅन्सी पुढे अकरा वर्षं जगली, बेकन चोरत राहिली, आणि पुन्हा कधी भुंकली नाही. आत्या गेली १९९८ साली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात काका आजारी पडले. मी उशाशी बसलो होतो. त्यांनी आपणहून विषय काढला.

"हिल्डाला सांगितलं नाही मी कधी," ते म्हणाले. "ती घाबरली असती. तिला ओढलं ना, तेव्हा दगड आधीच मोकळा झाला होता. हात सहज यायला हवा होता. आला नाही. दुसऱ्या बाजूनं कुणीतरी धरून होतं. रस्सीखेच खेळतात ना, तसं. मी म्हणालो, बाबा रे, माझी आहे ती, दे. आणि एकदम सोडलं. मी पाठीवर पडलो."

"काका, मोठ्यानं म्हणालात?"

"मनात," ते म्हणाले. "मनातच म्हणालो रे."

त्यानंतर एकोणीस वर्षं दोघं एका घरात राहिली. दोघांनी एकमेकांपासून तेच लपवलं.

काकांनी ते खिंडार कधी बांधलं नाही. खोऱ्यातला उत्तम गडगे रचणारा माणूस, पण ते तसंच ठेवलं. मेंढ्या तिथून पलीकडे जाऊ शकतात. फाटक अर्धा मैल लांब आहे. तरी इतक्या वर्षांत एकही मेंढी त्या खिंडारातून गेलेली मी पाहिली नाही.

आता कुरण माझ्या नावावर आहे. ते ज्याला भाड्यानं दिलंय तो रोज मागे लागतो, गडगा नीट करून द्या म्हणून. येत्या शनिवारी करतो, असं मी कबूल करून बसलोय. मोठे दगड रचायला मदत मिळेल.

पण पोटातले खडे फावड्यानं भरता येत नाहीत. एकेक खडा हातानं आत ठासावा लागतो. कोपरापर्यंत हात घालून.