सालोमीचा अंगठा

पापडी गावात फेबियनशेठचा औषधी गोळ्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं. चिंचेखालची कौलारू पडवी ती. दिनानाथ तिथे गोळ्या पाडायचं मशीन चालवायचा आणि गोळी कशी झाली हे सालोमी सांगायची. नंदाखाल गावची ही बाई शाळेची पायरी चढली नव्हती. पण गोळी कानाजवळ धरून अंगठ्याने मोडायची आणि आवाजावरून निकाल द्यायची. टक वाजलं की पास.

बावन्न सालच्या पावसाळ्यात तक्रार आली, की हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्यांचा बाटलीतच भुगा होतो. शेठ चिडले. दिनानाथने मशीनचा दाबाचा स्क्रू दोन आटे आवळला. गोळ्या अशा टणक झाल्या की फरशीवर आपटल्या तरी टवका उडेना.

सालोमीचा अंगठा लाल झाला, पण गोळी मोडली नाही.

"दिनाभाऊ, ही पोटात तरी मोडेल का?"

"तू आपली बाटल्या भर," तो म्हणाला.

महिन्याभरात सालोमीला हिवताप आला. शेठने तिला त्याच गोळ्या दिल्या. नवव्या दिवशी ती गेली. दिनानाथ मातीला जाऊन आला, पण स्क्रू तसाच ठेवला. सैल केला तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि तेवढी छाती त्याला नव्हती.

मग बंद बाटल्यांतून आवाज यायला लागला. टक. जरा वेळाने पुन्हा टक. बूच काढावं तर गोळ्या मधोमध मोडलेल्या. "हवेने होतं," शेठ म्हणाले, पण त्या बाटल्यांकडे ते परत फिरकले नाहीत.

गणपतीत दिनानाथची लीला तापाने फणफणली. नऊ वर्षांची एकुलती एक पोर. गोळ्या देऊनही ताप हटेना. कुटून दिल्या तर कडूजहर, लगेच ओकायची. शेवटी त्याने एक गोळी पाण्याच्या पेल्यात टाकली आणि समोर बसून राहिला. दुपार टळली. गोळी तळाशी जशीच्या तशी होती.

तो कारखान्याकडे धावत सुटला. स्क्रू सैल केला, नव्या गोळ्या पाडून आणल्या.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. दिनानाथ देवापुढे ढसाढसा रडला. बाटल्याही गप्प झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाटली घेऊन लीलाला गोळी द्यायला गेला. लीलाने कारखाना कधी पाहिलाच नव्हता. तिने गोळी घेतली, कानाजवळ धरली, अंगठ्याने दाबली.

टक.

"आता बरोबर मोडते, दिनाभाऊ," ती म्हणाली, आणि दुसऱ्या गोळीसाठी हात पुढे केला.